धार्मिक द्वेष, दुखावलेल्या भावना आणि भारतीय कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात ईशनिंदेविरुद्ध कायदा आहे का?

देवाची, प्रेषिताची किंवा धर्मग्रंथाची निंदा हाच गुन्हा मानणारा कायदा भारतात नाही. १८६० च्या भारतीय दंड विधानात धर्मविषयक गुन्ह्यांचे स्वतंत्र प्रकरण होते आणि त्यात प्रार्थनास्थळाची नासधूस, चालू असलेल्या पूजेत वा नमाजात अडथळा, स्मशानात किंवा दफनभूमीत घुसून केलेली विटंबना आणि एखाद्याला मुद्दाम ऐकू जाईल असे धर्मभावना दुखावणारे शब्द उच्चारणे, एवढ्याच गोष्टी होत्या. या कलमांनी कोणत्याही एका धर्माला झुकते माप दिले नाही. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून ही कलमे तिथे २९८ ते ३०२ या क्रमांकांनी आली आहेत. पाकिस्तानचा कायदा याच दंड विधानातून निघाला, पण तिथे १९८० च्या दशकात नवी कलमे जोडली गेली आणि १९८६ मध्ये प्रेषितांच्या अवमानासाठी देहदंडापर्यंतच्या शिक्षेची तरतूद झाली. आपल्याकडे कायदा त्या वाटेने गेला नाही. येथे संरक्षण श्रद्धा बाळगणाऱ्या माणसाला आणि सार्वजनिक शांततेला आहे, श्रद्धेतील मताला नाही. पुढची सगळी उत्तरे या भेदावर उभी आहेत.

‘धार्मिक भावना दुखावल्या’ म्हणून जे कलम लावतात ते कोणते आणि ते आले कुठून?

ते म्हणजे जुने कलम २९५ अ आणि आताचे कलम २९९. ते मूळ दंड विधानात नव्हते. १९२४ मध्ये लाहोरात प्रेषितांच्या खासगी जीवनावर एक पुस्तिका छापली गेली आणि तिच्या प्रकाशकावर वर्गावर्गांत शत्रुत्व वाढवल्याबद्दल, म्हणजे कलम १५३ अ खाली, खटला झाला. खालच्या न्यायालयात तो दोषी ठरला. मात्र दिवंगत धर्मसंस्थापकावर केलेली टीका, ती कितीही हीन असली, तरी या कलमात बसत नाही, असे सांगून लाहोर उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये त्याची सुटका केली. त्यावर मोठा क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी सरकारने २९५ अ हे नवे कलम आणले. मध्यवर्ती विधिमंडळातील चर्चेत बॅरिस्टर जिना यांनी धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारा माणूस या कलमात अडकता कामा नये, असे बजावले होते. १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झाला.

हा इतिहास लक्षात ठेवला की कलमाची शब्दरचना इतकी आवळलेली का आहे ते कळते. अपमान ‘बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट उद्देशाने’ केलेला असला पाहिजे. तो नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा असला पाहिजे. आणि तो शब्द, चिन्ह, दृश्य किंवा इलेक्ट्रॉनिक साधन यांपैकी कशाच्या तरी द्वारे झालेला असला पाहिजे. कमाल शिक्षा तीन वर्षे कैद, दंड किंवा दोन्ही अशी आहे.

रामजीलाल मोदी प्रकरणात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी हे कलम घटनात्मक ठरवले, पण ते ठरवताना त्याची व्याप्तीही आखून दिली. अजाणता, निष्काळजीपणाने किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान या कलमाखाली येत नाही. २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनी यांना एका मासिकाच्या मुखपृष्ठावर देवाच्या रूपात दाखवल्यावरून सुरू झालेला खटला याच कारणाने रद्द झाला. ज्याचे चित्र छापले त्याचाच दुष्ट उद्देश कुठून सिद्ध करणार, हा प्रश्न तक्रार दाखल होतानाच विचारला गेला असता तर ते प्रकरण दिल्लीपर्यंत पोहोचलेच नसते.

मग कलम १९६ आणि कलम २९९ यांत फरक काय?

कलम २९९ धर्माच्या अपमानाविषयी आहे. कलम १९६, म्हणजे जुने १५३ अ, धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात किंवा समाज यांच्या आधारे गटागटांत तेढ निर्माण करण्याविषयी आहे. त्यामुळे १९६ साठी दोन गट समोर असावे लागतात. केवळ एका समाजावर कठोर शब्दांत टीका झाली आणि दुसऱ्या कोणत्याही गटाला त्याच्याविरुद्ध चिथावले गेले नाही, तर हे कलम सहसा लागू होत नाही. दोन्ही गुन्हे दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतात) आणि अजामीनपात्र (म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, तो देणे न्यायालयावर असते) आहेत. प्रार्थनास्थळात किंवा धार्मिक विधीसाठी जमलेल्या सभेत तेढ पसरवली असेल तर कलम १९६ खालची शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. व्यवहारात पोलीस ठाण्यात दोन्ही कलमे एकत्रच लिहिली जातात आणि त्यात ३५३ चीही, म्हणजे अफवा व चिथावणीच्या कलमाची, भर पडते. एकाच वाक्यासाठी तीन कलमे लिहिल्याने गुन्हा अधिक गंभीर होत नाही. प्रत्येक कलमाचे घटक वेगळे सिद्ध करावे लागतात.

माझ्या भावना खरोखरच दुखावल्या आहेत. एवढे पुरेसे नाही का?

नाही. हे उत्तर अनेकांना कठोर वाटते आणि त्यांचे दुःख खोटे आहे असे कोणीही म्हणू नये, पण फौजदारी कायद्याची मोजपट्टी वेगळी आहे.

ती मोजपट्टी आपल्याच भागात घडली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असे लिहिले की, शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर आणि धीट माणसाच्या दृष्टीने पाहावा. ज्यांना प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो अशा कमकुवत व डळमळीत मनाच्या माणसाच्या दृष्टीने पाहू नये. १९८८ मध्ये फाळणीवरील ‘तमस’ ही दूरदर्शन मालिका थांबवावी अशी मागणी झाली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि मागणी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवताना नागपूरच्याच कसोटीचा आधार घेतला. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेच्या चित्रफितीवरून जामनगरमध्ये नोंदवलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तीच कसोटी वापरली. त्याच निकालात पोलिसांसाठी एक व्यवहार्य मार्गही दाखवला गेला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार, तीन वर्षे किंवा त्याहून अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. अभिव्यक्तीशी संबंधित अशा प्रकरणांत गुन्हा नोंदवण्याआधी ही चौकशी करणेच योग्य, असे न्यायालय म्हणाले. कोणत्याही गटाचा मोर्चा ठाण्यासमोर जमला की तासाभरात गुन्हा नोंदवणाऱ्या यंत्रणेने हे कलम वाचायला हवे.

धर्मावर टीका करणारे पुस्तक सरकार बंद करू शकते का?

करू शकते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ नुसार राज्य सरकार अधिसूचनेद्वारे प्रकाशन सरकारजमा करू शकते, परंतु त्या अधिसूचनेत मताची कारणे नमूद करावी लागतात, आणि कलम ९९ नुसार दोन महिन्यांत उच्च न्यायालयात आव्हान देता येते. तिथे तीन न्यायाधीशांचे पीठ प्रकरण ऐकते.

मुंबई उच्च न्यायालयाचा या विषयातील अनुभव मोठा आहे. १९६९ मध्ये गोपाळ गोडसे यांच्या गांधीहत्येवरील मराठी पुस्तकावरची बंदी पीठाने उठवली. पुस्तकातील विचार न्यायाधीशांना पटले म्हणून ते झाले नाही. पुस्तक समग्र वाचावे लागते आणि सुटी वाक्ये उचलून शत्रुत्वाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व होते. शिवाजी महाराजांवरील एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरील बंदीही २००७ मध्ये उठली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. दरम्यान जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन हस्तलिखितांची जी हानी झाली ती कोणत्याही निकालाने भरून आली नाही. उलट उदाहरणही आहे. २०१० मध्ये इस्लामवरील एका पुस्तकाची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने कायम ठेवली. कोणत्याही धर्मावर टीका करण्याचा अधिकार आहे, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. त्या पुस्तकाची बंदी टिकली ती टीका अभ्यासाची नसून एका समाजाबद्दल द्वेष पसरवण्याच्या हेतूची आहे, असे न्यायालयाला आढळले म्हणून.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर, स्टेटस आणि ग्रुप अॅडमिनची जबाबदारी काय?

मजकूर स्वतः लिहिणारा किंवा पुढे पाठवणारा त्याला जबाबदार असतो, आणि ‘आले तसे पाठवले’ हा बचाव अपुरा आहे. ग्रुप अॅडमिनबद्दल मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये असे ठरवले की, सदस्याच्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन असल्याने कोणी गुन्हेगार ठरत नाही. त्या मजकुरामागे दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दाखवावे लागते.

स्टेटसलाही तीच कसोटी आहे. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले पोलीस ठाण्यात एका प्राध्यापकावर, जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा रद्द केल्याचा निषेध आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला दिलेल्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा अशा स्टेटसवरून १५३ अ खाली गुन्हा नोंदवला गेला होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मर्यादांचे शिक्षण देण्याची गरज बोलून दाखवली.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ आता अस्तित्वात नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्याने पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. कोणाला अजूनही या कलमाखाली नोटीस आली तर ती लगेच वकिलाला दाखवावी.

माझ्यावरच गुन्हा दाखल झाला तर लगेच अटक होते का?

अजामीनपात्र याचा अर्थ अटक अनिवार्य असा नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची कारणे लेखी द्यावी लागतात आणि एरवी हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितले असून आता ती नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली निघते. नोटीस मिळाल्यावर हजर राहावे, फोन घेऊन जाण्याआधी वकिलाशी बोलावे आणि मूळ मजकूर खोडून टाकण्याची घाई करू नये, कारण पूर्ण मजकूरच अनेकदा बचावाचा आधार ठरतो.

‘हेट स्पीच’ची कायद्यात व्याख्या आहे का?

नाही, आणि ‘कडवेपणा’ किंवा ‘अतिरेकी अभिव्यक्ती’ यांचीही नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय विधी आयोगाकडे सोपवला. आयोगाने मार्च २०१७ मध्ये आपल्या २६७ व्या अहवालात दंड विधानात १५३ क आणि ५०५ अ अशी दोन नवी कलमे सुचवली. पुढे संपूर्ण दंड विधान बदलले, तरी ती कलमे आली नाहीत. तोपर्यंत डिसेंबर २०२० च्या अमीश देवगण निकालात न्यायालयाने सांगितलेले निकष उपयोगी पडतात. बोलणारा कोण आहे, त्याचा प्रभाव किती, प्रसंग कोणता आणि लक्ष्य कोण, हे सगळे मजकुराइतकेच महत्त्वाचे आहे. दंगलीच्या आदल्या दिवशी चौकात माइकवरून नेत्याने उच्चारलेले वाक्य आणि तेच वाक्य शोधनिबंधात उद्धृत केलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुन्हा नोंदवला जातो, पण शिक्षा क्वचितच होते. असे का?

कलम १९६ आणि २९९ च्या गुन्ह्याची दखल न्यायालय सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय घेऊ शकत नाही. पूर्वी ही अट फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९६ मध्ये होती, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ मध्ये आहे. गुन्हा नोंदवायला आणि तपासाला मंजुरी लागत नाही, पण मंजुरीशिवाय खटला पुढे सरकत नाही. खोडसाळ खटले रोखण्यासाठी ही अट घातली गेली असली, तरी खटला चालवायचा की नाही हे राजकीय कार्यकारिणीच्या हाती राहते, हा तिचा प्रत्यक्ष परिणाम आहे.

याला मुदतीची जोड मिळते. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्याला तीन वर्षांची मुदत आहे. मंजुरीचा अर्ज केल्यापासून ती मिळेपर्यंतचा काळ वगळता येतो आणि पुरेशा कारणासाठी न्यायालय विलंब माफही करू शकते, परंतु अर्जच उशिरा गेला तर या सवलती पुरत नाहीत. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींच्या काळातील ‘सामना’च्या अग्रलेखांचे उदाहरण पाहावे. महाराष्ट्राचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा यांनी सरकारला खटल्याची मंजुरी देण्याचा आदेश द्यावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. अग्रलेख समग्र वाचता १५३ अ लागू होत नाही, असे म्हणून १९९४ मध्ये ती फेटाळली गेली. पुढे सरकार बदलले, मंजुरी मिळाली आणि जुलै २००० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली. दंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी प्रकरण मुदतबाह्य ठरवून बंद केले. त्या लेखनाबद्दल वाचकाचे मत काहीही असो, साडेसात वर्षांनी मजकुरावर एक शब्दही साक्षीपुरावा न होता प्रकरण संपावे, हे ना आरोपीला न्याय देणारे होते ना पीडितांना. मंजुरीच्या अर्जावर निर्णयाची बंधनकारक कालमर्यादा असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पोलीस द्वेषपूर्ण भाषणाची तक्रारच घेत नसतील तर?

२१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या पोलिसांना, तक्रारीची वाट न पाहता आणि बोलणाऱ्याचा धर्म न पाहता अशा भाषणांवर स्वतःहून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. २८ एप्रिल २०२३ रोजी तो सर्व राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू केला. तरीही ठाण्यात नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवावी आणि त्यानंतर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करावा.

निवडणुकीत धर्माच्या नावावर मत मागितले तर काय होते?

येथे कायद्याने खरोखर दात दाखवलेले आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार ते भ्रष्ट आचरण ठरते आणि निवडणूकच रद्द होऊ शकते. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारातील भाषणांमुळे ती निवडणूक रद्द ठरली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी तो निर्णय कायम केला. त्यातूनच पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या अभिराम सिंह प्रकरणात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की, उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येत नाही. शिवाय १५३ अ सारख्या गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती निवडणूक लढवण्यास अपात्र होते.

एखाद्या संघटनेवर बंदी कशी येते?

बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायदा, १९६७ खाली. या कायद्यातील ‘बेकायदेशीर संघटना’ या व्याख्येत देशाच्या अखंडतेविरुद्ध काम करणाऱ्या संघटनांबरोबरच, गटागटांत तेढ पसरवणारे कृत्य हाच उद्देश असलेली संघटनाही येते. केंद्राने बंदी घातल्यावर तीस दिवसांत प्रकरण उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या न्यायाधिकरणाकडे पाठवावे लागते आणि ते सहा महिन्यांत निर्णय देते. ही केवळ औपचारिकता नाही. बाबरी मशीद पाडल्यानंतर डिसेंबर १९९२ मध्ये पाच संघटनांवर बंदी आली. त्यांपैकी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि बजरंग दल यांच्यावरील बंदी न्यायाधिकरणाने १९९३ मध्ये मान्य केली नाही, तर जमात-ए-इस्लामी हिंदवरील बंदी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. स्टुडंट्स इस्लामिक मूव्हमेंट ऑफ इंडिया (सिमी) या संघटनेवर २००१ पासून आणि पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडिया (पीएफआय) या संघटनेवर सप्टेंबर २०२२ पासून बंदी आहे. बंदी असलेल्या संघटनेचे सदस्य राहणे हाच गुन्हा असल्याने वर्गणी देतानाही सावध राहावे.

जमावाने धर्माच्या कारणावरून केलेल्या हत्येसाठी वेगळे कलम आहे का?

आहे. न्याय संहितेच्या कलम १०३(२) नुसार पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला तर प्रत्येकाला देहदंड किंवा जन्मठेप होऊ शकते. या यादीत ‘धर्म’ हा शब्दच नाही. तो ‘समाज’ किंवा ‘वैयक्तिक श्रद्धा’ यांत वाचावा लागेल, आणि इतक्या गंभीर गुन्ह्याच्या व्याख्येत ही मोकळी जागा राहायला नको होती.

गावाने दुसऱ्या धर्माच्या लोकांवर बहिष्कार घातला तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागू होतो का?

२०१६ चा तो कायदा मुख्यतः एकाच समाजाच्या अंतर्गत, म्हणजे जातपंचायतीने आपल्याच सदस्यावर घातलेल्या बहिष्कारासाठी आहे. दोन धर्मांमधील बहिष्काराच्या आवाहनासाठी कलम १९६ कडेच वळावे लागते.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने काय ध्यानात ठेवावे?

ज्या देशात राहता तिथला कायदा तुम्हाला लागू होतो. इंग्लंड-वेल्समध्ये २००८ मध्ये ईशनिंदेचा गुन्हा रद्द झाला, पण २००६ च्या कायद्याने धमकीवजा शब्दांत धार्मिक द्वेष चेतवणे हा तिथे गुन्हा आहे. जर्मनीत दंड संहितेच्या कलम १३० खाली द्वेष चेतवण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होते. अमेरिकेत १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालापासून तत्काळ हिंसेची चिथावणी असेल तरच भाषण शिक्षेस पात्र ठरते. संयुक्त अरब अमिरातीत २०१५ पासून धर्माच्या अवमानाविरुद्ध कडक कायदा आहे. दुबईत बसून गावाकडच्या ग्रुपवर लिहिलेला मजकूरही तिथल्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो, आणि त्यात नोकरी व व्हिसा दोन्ही जाऊ शकतात.

तक्रार करायचीच असेल तर ती कशी लिहावी?

‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढ्यावर थांबू नये. नेमके शब्द मूळ भाषेत जसेच्या तसे उतरवावेत; ते कोणी, कुठे, किती वाजता आणि किती लोकांसमोर उच्चारले, ते लिहावे; कोणत्या गटाला कोणाविरुद्ध चिथावले गेले आणि त्यानंतर परिसरात काय घडले, तेही नमूद करावे. पूर्ण चित्रफीत जपून ठेवावी, कापलेला तुकडा नव्हे. ती ज्या फोनवर आहे तो फोन बदलू नये, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. तक्रारीच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्यावी. सहा महिन्यांनंतरही दोषारोपपत्र दाखल झाले नसेल, तर मंजुरीचा प्रस्ताव गृह विभागाकडे कोणत्या तारखेला गेला हे माहिती अधिकाराखाली विचारावे; तीन वर्षांची मुदत संपत आल्यावर विचारून उपयोग होत नाही.